पाव्हण्याचं ताट

फोन आला तेव्हा मी एका लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या मामांची नावं बसवत होतो. मामा पुष्कळ होते, जागा कमी होती, आणि एकाचंही नाव दुसऱ्यापेक्षा बारीक छापलेलं चाललं नसतं. पलीकडून विनोदचा आवाज आला, "दादा, आई गेली..." मी नुसता "हो" म्हणालो. मग का कोण जाणे, राहिलेल्या मामांची नावं नीट बसवली, काम सेव्ह केलं, कॉम्प्युटर बंद केला आणि बाहेर ओट्यावर येऊन बसलो. स्नेहल, माझी बायको, सरकारी पशुवैद्यक आहे. ती त्या वेळी एका खेड्यात होती. तिला फोन केला. ती म्हणाली, "इथं गाय अडली आहे रे. तिला मोकळी करते आणि निघते. तशीच सोडून आले असते तर मावशींनीच मला दारातून परत पाठवलं असतं." खरंच होतं ते.

प्रयागमावशी आमच्या कोणी नव्हत्या. म्हणजे नात्यानं नव्हत्या. चिखलीतल्या त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहायला आलो आणि खाली त्या एकट्या राहायच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा विनोद नोकरीला नागपुरात. उंच, सडसडीत बांधा, पौर्णिमेला कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसून विहारात जायच्या तेव्हा गल्लीतली माणसं आपसूक बाजूला व्हायची. आवाज असा की खालून "पाणी आलं हो!" म्हणाल्या तर पलीकडच्या गल्लीतही बादल्या सरकत. दार वाजवून आत येणं हा प्रकार त्यांना माहीत नव्हता. यायच्या, आधी गॅसवरच्या पातेल्याचं झाकण उचलून पाहायच्या आणि मग आमच्याकडे.

आम्ही लग्नानंतर पुण्यात होतो. मी मूळचा गुहागरकडचा, स्नेहल कऱ्हाडची. मी एका ऑफिसात पुस्तकांची आणि जाहिरातींची पानं लावायचो. स्नेहलला सरकारी नेमणूक मिळाली आणि ठिकाण आलं चिखली. माझ्या सासूबाईंना कित्येक दिवस वाटत होतं की ही पिंपरीजवळची चिखली. "मग काय, संध्याकाळी घरी!" असं त्या सगळ्यांना सांगत सुटल्या होत्या. बुलढाणा जिल्हा हे शब्द ऐकल्यावर त्या ज्या गप्प झाल्या त्या आमचं सामान ट्रकमध्ये चढेपर्यंत. मी सोबत आलो, पण अर्ध्या मनानं पुण्यातच होतो. घरून काम करीन, काही महिने बघू, असं ठरलेलं. "बघू" या शब्दावर आमचा संसार चालला होता म्हणा ना.

स्नेहलला गाव पहिल्याच आठवड्यात मानवलं. सकाळी स्कूटी काढायची, खेड्यांत जायची, दुपारी तीनच्या सुमारास धुळीनं माखून आणि खूश होऊन परत यायची. तिच्याकडे सांगायला रोज काहीतरी नवं असायचं. माझ्याकडे काय होतं? वीज गेली की नेट जायचं, नेट गेलं की ऑफिसचा सूर बदलायचा. होता होता कामं यायची कमी झाली, आणि एक दिवस थांबलीच. गल्लीला तर मी म्हणजे कोडंच होतो. "डॉक्टरीणबाईचे मालक घरीच असतेत," असं एकमेकींना सांगितलं जायचं, तेही मला ऐकू येईल अशा बेतानं. दुकानात गेलो की कोणीतरी विचारायचंच, "सायेब, सुट्टीवर हाय का?" मी हो म्हणायचो. इतकी लांब सुट्टी कोणाला मिळते, हे विचारण्याइतकी माणसं उद्धट नव्हती.

स्वयंपाक मीच करायचो. मावशींनी पहिल्या दिवशी झाकण उचललं आणि म्हणाल्या, "भाजीत खोबरं घातलं का खोबऱ्यात भाजी?" मी म्हटलं, "आमच्याकडे असंच असतं." "असंन बाप्पा," त्या म्हणाल्या आणि चमचाभर तळहातावर घेऊन खाल्ली. एकदा घरून आलेला सुका जवळा मी भाजायला घेतला. त्या वासानं आख्खी गल्ली बाहेर आली. मावशी जिन्यात उभ्या राहिल्या आणि खाली ओरडून म्हणाल्या, "काई नाही, डॉक्टरीणबाई ढोरांचं औषध करून राह्यल्या." मग वर येऊन मला म्हणाल्या, "थोडं मलेई दे. पण खिडकी लाव आधी." माझा त्यांच्यावर जीव जडला तो त्या दिवसापासून, असं मी लोकांना सांगतो. पण खरं सांगायचं तर तेव्हा मला त्यांची धास्तीच जास्त वाटायची.

चैत्र लागला आणि पुण्यातून एका जुन्या ओळखीनं बोलावणं आलं. दुसरं ऑफिस, चांगलं काम, पण तिथं येऊनच करायचं. मी हो म्हणून टाकलं. स्नेहल इथं, मी तिथं, सुट्ट्यांना भेटायचं; हल्ली कितीतरी जण तसं राहतात. स्नेहलला सांगितलं तेव्हा ती गुरांच्या लसींचा डबा फ्रीजमध्ये ठेवत होती. मागे न वळता म्हणाली, "जा. थांब म्हणून मी म्हणणार नाही. पण वर्षभरानं मी नोकरी सोडून तुझ्यामागं येईन असंही धरून चालू नकोस." आवाज चढला नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. त्यानंतर आम्ही दोघं घरात फार सभ्यपणे वागायला लागलो. ज्यांचं लग्न झालंय त्यांना हे किती वाईट लक्षण आहे ते कळेल.

अशात एका सकाळी जाग आली ती गच्चीवरच्या बायकांच्या गलक्यानं. वर जाऊन पाहतो तर गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका आमच्या गच्चीवर धोतरं-चादरी अंथरून बसलेल्या आणि मधोमध प्रयागमावशी कणकेचा मोठा गोळा तिंबत होत्या. सरगुंड्यांचा घाट होता. ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. घट्ट कणकेची बारीक दोरी करून ती काडीवर वळ्यावळ्यांनी गुंडाळायची, हलक्या हातानं सारखी करायची, काडी अलगद ओढून घ्यायची आणि ती पोकळ नळी उन्हात वाळत टाकायची. मग आंबे आले की शिजवून रसाबरोबर खायचे. काम वेळखाऊ, एकटीच्यानं होत नाही. म्हणून सगळ्या जणी आज हिच्या घरी, उद्या तिच्या, अशा पाळीनं जातात. याला सावड म्हणतात. त्या वर्षी मावशींनी कोणाला न विचारता आमचं घर त्या पाळीत घालून टाकलं होतं, गहूसुद्धा आपल्याच घरचे घेतले होते. स्नेहलनं घाईघाईत एक सरगुंडा वळला, तो सगळ्यांनी हसून मोडला, आणि ती ड्युटीवर पळाली. मी चहा करत राहिलो. दुपारपर्यंत गच्ची भरली.

मला फार बरं वाटलं. परक्या गावात कोण कोणासाठी एवढं करतं? म्हणून संध्याकाळी बाजारातून स्टीलच्या छान वाट्या आणल्या आणि घरोघर जाऊन एकेक देऊन आलो. आमच्याकडे कोणी काही केलं की रिकाम्या हातानं राहत नाहीत, ही माझी शिकवण. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला मावशी वर आल्या. हातात त्या सगळ्या वाट्या, एकात एक घातलेल्या. ओट्यावर ठेवल्या ते चांगला आवाज करून.

"हे काय होय?"

"काही नाही मावशी, सगळ्यांनी एवढी मदत केली म्हणून..."

"मदत?" त्यांनी तो शब्द असा उच्चारला की मीच वरमलो. "त्यायनं हात देल्ले तुले. हाताच्या बदली वाटी? उद्या शोभाच्या घरची पाळी हाय. तुमच्या घरातलं माणूस आलं पाह्यजे."

"पण स्नेहलला ड्युटी असते."

"म्या डॉक्टरीणबाईचं नाव घेतलं का? घरातलं माणूस म्हणलं म्या."

मी म्हटलं, "मावशी, मी पुण्याला चाललोय. पुढच्या आठवड्यात."

"जा ना. कोण अडोलं तुले? सावड फेडून जा."

त्यांना माझं जाणं ठाऊक होतं, यात मला शंका नाही. त्या गल्लीत कोणाच्या घरी दूध नासलं तरी सगळ्यांना कळतं. आमचं घर त्यांनी पाळीत घातलं ते मला अडकवायलाच का, हे मी पुढे अनेकदा विचारलं. दर वेळी त्या म्हणायच्या, "तुह्यं डोकस लई चालते बाप्पा," आणि विषय बदलायच्या.

तर मी गेलो. शोभाताईंच्या अंगणात बायकांच्या घोळक्यात एक पुरुष मांडी घालून बसला ही त्या दिवशीची मोठी बातमी होती. पोरं कुंपणावर चढून पाहून गेली. पानठेल्यावर माझी टिंगल झाली ती माझ्यापर्यंत व्यवस्थित पोचवण्यात आली. मी वळलेले पहिले सरगुंडे पाहून शोभाताई म्हणाल्या, "भाऊ, हे सरगुंडे होय का बैलाचे कासरे?" मलाही चेव आला. म्हटलं, कासरा तर कासरा, पण आता उठायचं नाही. दुसऱ्या दिवशी हात बसला, तिसऱ्या दिवशी माझ्याकडे कोणी पाहीनासं झालं, आणि त्या न पाहण्यातलं सुख मी चिखलीत पहिल्यांदाच अनुभवलं. मी कोण, काय करतो, हेही तिथंच विचारलं गेलं. पुस्तकांची पानं लावतो म्हटल्यावर एकीनं काडी फिरवता फिरवता विचारलं, "म्हंजे लग्नाची पत्रिका येते का तुमाले?" न यायला काय झालं? तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. माझं इथलं पहिलं काम ते.

पाळी शेवटी मावशींच्या घरी आली. दुपारी बाकीच्या जणी जेवायला गेल्या आणि आम्ही दोघंच उरलो. त्यांनी आपणहून विषय काढला. म्हणाल्या, "माहा मालक सुरतीले गिरणीत होता. लग्न झालं अन् महिन्यात गेला. आमचा सारा संसार पोस्टानं झाला." तो वर्षातून एखाद-दोनदा यायचा. आला की घरात सण. पुरण, वडे, मटण; उधार-उसनं करून का होईना, पण पाव्हण्यासारखं ताट. आणि सण संपला की तो परत जायचा. "साधी भाजी-भाकर म्या त्याले कधी वाढलीच नाही. वाढू कशी? इतक्या दुरून आलेला माणूस." निवृत्त होऊन तो कायमचा घरी आला. पहिले काही दिवस पुरणावर गेले. मग एक दिवस त्यांनी त्याच्यापुढे बेसन-भाकर ठेवली, म्हणजे आपलं पिठलं. त्यानं ताटाकडे पाहिलं आणि विचारलं, "काऊन? माह्यं काही चुकलं का?"

मावशी हसल्या. मीही हसलो. मग त्या काडी हातात तशीच धरून राहिल्या. "दोन उन्हाळे काढले आम्ही सोबत, बस. खोकला लागला त्याले. बुलढाण्याले नेलं. डॉक्टरनं मले इचारलं, बाई, किती दिवसापासून खोकते हा माणूस? मले सांगताच नाही आलं... नवीन हाय का जुना, मले काय माहीत? सुरतीतई खोकत असंन."

मी म्हटलं, "पण मावशी, तेव्हा पोटाचा प्रश्न होता."

"हाव, पोटच होतं. म्या त्याले दोष नाही देत. तुह्यं पोट अडलं का, सांग."

मला राग आला. मी म्हणालो, पोट अडलं नसेल, पण बायकोच्या जिवावर घरात बसून राहणाऱ्या माणसाला लोक काय म्हणतात ते तुम्हाला ऐकू येत नाही का? दिवसभर भिंतीकडे बघत बसायचं म्हणजे काय असतं ते तुम्हाला कळतं का? आवाज चढलाच माझा. "मंग बसू नको," त्या म्हणाल्या. "काम कर, भांडण कर, दुकान टाक. पण जे करशीन ते हिथं कर. ते पोरगी तीन वाजता येते अन् तुह्यं तोंड पाहून जेवते, म्या रोज पाहतो वरून-खालून." मग बाकीच्या बायका आल्या आणि आम्ही पुन्हा कणकेला लागलो.

मी त्याच संध्याकाळी पुण्याला नकार कळवला. स्नेहलला सांगितलं तर ती म्हणाली, "माझ्यावर उपकार म्हणून थांबणार असशील तर जाच." मी म्हटलं, "उपकार कसले? सरगुंडे वाळायचेत अजून." मग ती जी रडली आणि मध्येच हसली, ते मी इथं लिहीत नाही. ते आमचं आहे.

यानंतर सगळं गोड झालं असं कोणी समजू नये. मावशींनी समोरची खोली मला दुकानाला दिली आणि दुकानाबरोबर स्वतःलाही दिलं. खुर्ची टाकून बसायच्या. गिऱ्हाईक पत्रिकेचा मजकूर घेऊन आलं की विचारायच्या, "पोरीच्या मायचं नाव कुठं हाय?" सगळ्या काका-मामांच्या रांगेत ते नसायचंच पुष्कळदा. "नऊ महिने काकानं वाहिलं का पोटात?" असं तोंडावर विचारायच्या. दोन-चार गिऱ्हाइकं त्यापायी गेली. मी भांडलो, त्याही भांडल्या, आठवडा आठवडा आम्ही बोलायचो नाही. पण आज चिखलीत माझ्या दुकानातून निघालेल्या पत्रिकेत नवरीच्या आईचं नाव पहिल्या ओळीत असतं, आणि लोक आता तसंच मागायला येतात. एक गोष्ट मात्र भांडणातही चुकली नाही. तीन वाजता स्नेहल आली की त्या आपली भाकर फडक्यात बांधून वर यायच्या आणि आम्ही तिघं जेवायला बसायचो.

विनोद फोन रोज करायचा. मुलगा गुणी, पण नोकरीनं बांधलेला. तो येणार असला की मावशींची दोन दिवस आधीपासून धांदल. डाळ भिजायची, पाटा निघायचा, खालून पुरणाचा वास वर यायचा. तो यायचा, जेवायचा, आईच्या पाया पडायचा, जायचा. या हिवाळ्यात त्यांची तब्येत उतरली तेव्हा तो गाडी घेऊन आला आणि त्यांना नागपूरला घेऊन गेला. जायला तयार नव्हत्या. गाडीत बसताना स्नेहलला म्हणाल्या, "टाकीवर झाकण ठेव, माकडं येतेत." मला म्हणाल्या, "त्या देशमुखाच्या पत्रिकेत मायचं नाव बारीक झालं, मोठं कर." गाडी गेली. मी नाव मोठं केलं. त्या परत आल्या त्या अशा...

अंत्यविधी चिखलीतच झाला. पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी विहारात जागा पुरली नाही. आई-वडिलांच्या घरी असतं तसं स्नेहल आणि मी आल्यागेल्याचं पाहत होतो आणि कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले. विनोद खालचं आवरायला एकटाच मागे राहिला. स्नेहल मला म्हणाली, त्याला वर जेवायला बोलाव, काहीतरी गोड करते. पण दोघांच्याही अंगात त्राण नव्हतं आणि घरातही फारसं काही नव्हतं. शेवटी बेसन टाकलं, भाकऱ्या थापल्या, ठेचा आणि कांदा. ताट पुढे ठेवताना स्नेहलला फार संकोच वाटला. "आज साधंच आहे हो," ती म्हणाली.

त्यानं पहिली भाकर संपवली, दुसरी मागून घेतली. मग घास हातातच राहिला. "आई रोज हेच खायची?"

"हेच. कधी वांगं, कधी अंबाडी. आमच्यासोबतच बसायच्या," मी म्हणालो.

"मले तिनं हे कधी वाढलंच नाही, दादा." नागपुरात इतकी वर्षं घासून गुळगुळीत झालेली त्याची भाषा एकदम चिखलीची झाली. "म्या आलो की पुरण. म्या म्हणायचो, माय, राहू दे, साधं काही कर. तर म्हणायची, इतक्या दुरून आला... तिच्या हातची बेसन-भाकर कशी लागते, मले माहीतच नाही." तो रडायला लागला. भरल्या हातानं, ताटावर बसून, आवाज न लपवता. स्नेहलनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला मावशींच्या घरची ती दुपार आठवली. ही बाई नवऱ्याचं सांगत होती तेव्हा मुलाचंही तसंच चाललं होतं, आणि ते तिला कळत असणारच. मला तिनं अडवलं. त्याला अडवणं तिच्या हातात नव्हतं.

जाताना त्यानं खालच्या घराची किल्ली माझ्याकडे दिली. दुकान चालू ठेवा म्हणाला. पायऱ्या उतरता उतरता वळून स्नेहलला म्हणाला, "वहिनी, मी येत जाईन. पण येताना कळवणार नाही." आम्हाला वाटलं, माणसं म्हणतात तसं.

गेल्या आठवड्यात तो आला. तीन वाजून गेले होते, आम्ही नुकतेच जेवायला बसलो होतो. दार वाजलं नाही. तो सरळ आत आला, हात धुतले, मांडणीवरून आपलं आपण ताट घेतलं. स्नेहल जरा सरकली. पातेल्यात वांग्याची भाजी होती ती त्यानं वाढून घेतली, भाकर मोडली, एक घास खाल्ला आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "वहिनी, मीठ लई झालं हो आज."